एका फोनवर घर हलत नाही

“आत्या, तू उगाच वह्या भरायला सांगतेस. आता ते सगळं एका फोनवर होतं.”

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला हे ऐकवलं. हडपसरला सहा वर्षं राहिलेलं त्याचं बिऱ्हाड बंगळुरूला हलणार होतं. कागदांची पिशवी वेगळी काढलीस का, गॅसचं कार्ड सापडलं का, लेकीच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिलास का, असं मी त्याला फोनवर विचारत होते. त्याने ते प्रेमानेच उडवून लावलं. असं म्हणणारा तो एकटा नाही. लग्नकार्यात, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर हेच ऐकू येतं : घर हलवणं ही आता विकत मिळणारी सेवा आहे, पैसे मोजले की आपली जबाबदारी संपली, आणि महिनाभर आधीपासून याद्या करत बसणं ही मागच्या पिढीची चिंता करण्याची सवय आहे.

हे मत मला चुकीचं वाटतं. चुकीचं तर आहेच, शिवाय ते घरातल्या काही माणसांवर अन्याय करणारं आहे, म्हणून त्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी त्यात जे खरं आहे ते मान्य करते. सामान बांधणारी माणसं आपल्यापेक्षा चांगलं बांधतात. चौथ्या मजल्यावरून जिन्याने गोदरेजचं कपाट उतरवणाऱ्याला वळणावर पट्टा कुठे सैल सोडायचा हे माहीत असतं, आणि ते कसब वर्षानुवर्षांच्या कष्टाचं असतं. पूर्वी हे काम शेजारची पोरं आणि ऑफिसातले शिपाई करायचे, एका चहावर. आता त्या कष्टाचे पैसे मिळतात हे चांगलंच झालं. ज्यांच्या घरी दोघंही दहा-दहा तास नोकरीला जातात त्यांनी स्वतः सुतळी आणि गोणपाट घेऊन बसावं, असं मी म्हणत नाही. माझा विरोध आहे तो बांधणं म्हणजेच तयारी, या समजुतीला.

भाच्याच्या घरी काय झालं ते सांगते. त्याची परवानगी घेऊनच सांगते आहे. चार जण सकाळी नऊला आले आणि दुपारी दोनला घर रिकामं झालं. सेहेचाळीस खोकी. खोक्यांवर मार्करने लिहिलेलं : ‘किचन’, ‘बेडरूम’, ‘हॉल’. आणि अकरा खोक्यांवर ‘मिक्स’. त्या अकरांपैकी कुठल्यातरी एकात घराच्या कराराची प्रत, दोघांची पदवी प्रमाणपत्रं, गाडीचं आरसी बुक आणि मुलीचं लसीकरणाचं कार्ड असलेली निळी फाइल होती. ट्रक तीन दिवसांत पोचायचा होता, तो आठव्या दिवशी पोचला. मध्येच फोन आला की सामान अंदाजापेक्षा जास्त भरलं आहे, आणखी अठरा हजार पाठवले नाहीत तर गाडी पुढे निघणार नाही. त्याने पाठवले. आठ दिवस ते तिघं रिकाम्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर झोपले. खोकी आली तेव्हा टीव्हीचा पडदा तडकलेला होता, आणि वॉशिंग मशीन सुरू केल्यावर असं थरथरलं की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

भरपाई मागायला गेल्यावर त्याने बिल्टी पहिल्यांदा वाचली. तिच्यावर लिहिलं होतं : जुनं घरगुती सामान, किंमत रुपये २५,०००. हा आकडा त्याने सांगितला नव्हता. सकाळच्या धांदलीत कागद पुढे आला, त्याने सही केली.

इथे एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी आपल्याकडे २००७ चा कायदा आहे आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. वाहतूकदाराची नोंदणी असावी लागते, माल घेतल्याची पावती, म्हणजेच बिल्टी, त्याने द्यावी लागते. माल हरवला किंवा मोडला तर तो देणं लागतो, पण त्याला मर्यादा आहे : भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. जास्त जोखमीचा दर भरून ही मर्यादा वाढवता येते, पण ते गाडी भरण्याआधी ठरवावं लागतं. आणि नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिली नाही तर दावाच लावता येत नाही. म्हणजे तुमच्या घरातल्या सगळ्या सामानाची किंमत पंचवीस हजार लिहिली गेली असेल, तर कायद्याच्या लेखी ती पंचवीस हजारच. बिलातल्या ‘एफओव्ही’ नावाच्या रकमेला लोक विमा समजतात. ती विम्याची पॉलिसी नसते. तुमच्या नावाने काढलेली, रक्कम आणि प्रवास नमूद केलेली पॉलिसी हातात आली असेल तरच विमा आहे.

आता सांगा, यातलं काय एका फोनवर होण्यासारखं होतं? टीव्हीची किंमत बांधणाऱ्याला माहीत नव्हती, ती भाच्याला माहीत होती. निळ्या फाइलचं महत्त्व बांधणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. वॉशिंग मशीनचंही तसंच. पुढून दार उघडणाऱ्या मशीनबरोबर ड्रम जखडून ठेवणारे लांब बोल्ट येतात. मशीन घरी आलं त्या दिवशी ते काढून कुठल्यातरी खणात टाकलेले असतात, आणि मशीन हलवण्याआधी ते परत बसवायचे असतात. तो खण कोणता हे फक्त त्या घरातल्या माणसाला ठाऊक असतं. तयारी म्हणजे नेमकं हे : जे ज्ञान केवळ आपल्यापाशी आहे ते वेळेवर कागदावर आणणं. ते विकत मिळत नाही, कारण ते दुसऱ्या कुणाकडे नसतंच.

ज्या वह्यांवरून भाच्याने मला टोकलं, त्या माझ्या आईच्या. माझे वडील वीज मंडळात होते. परळी, दीपनगर, कोराडी, एकलहरे अशा औष्णिक केंद्रांच्या वसाहतींत माझं लहानपण गेलं. बदलीचा कागद आला की आई शंभर पानी वही काढायची. डाव्या पानावर पेटीचा क्रमांक आणि तिची ओळख : हिरवी ट्रंक, आजीची ट्रंक, देवदारी खोकं. उजव्या पानावर आतल्या वस्तू, एकेक. लोखंडी ट्रंकांवर क्रमांक लाल ऑइलपेंटने घातलेले असत आणि पुढच्या बदलीला तेच चालत. काचसामान पेंढ्यात, लोणच्याच्या बरण्या तोंडाला मेणकापड बांधून, पुस्तकं नेहमी लहान खोक्यांत, कारण पुस्तकांचं मोठं खोकं दोघांनाही उचलत नाही आणि तळ फाटतो. कुठल्या ट्रंकेत काय ठेवलंय हे आम्हा भावंडांना पाठ असायचं, कारण ती वही आम्हीच लिहीत असू. आई सांगायची आणि ज्याचं अक्षर बरं तो लिहायचा.

आणि पेटी क्रमांक एक. ती सगळ्यांत शेवटी भरायची, ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढवायची, म्हणजे उतरताना ती सगळ्यांत आधी हाताला येते. तिच्यात काय असायचं ते मला आजही सांगता येतं : वातीचा स्टोव्ह, काकडा, काडेपेटी, दोन पातेली, तवा, पळी, चहा, साखर, तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, तिखट, हळद, आजीची औषधं, मेणबत्त्या, विळी, एक चादर, झाडणी, आणि वर रुमालात बांधलेले देव. नव्या क्वार्टरचं कुलूप उघडल्यावर तासाभरात दूध उतू जायचं, देवापुढे दिवा लागायचा आणि स्टोव्हवर खिचडी चढायची. बाकीच्या चौदा पेट्या व्हरांड्यात असायच्या, पंखे बसलेले नसायचे, पण घर सुरू झालेलं असायचं. नव्या घरात आधी देव, दिवा आणि दूध, ही आपली रीत. तिच्यामागची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण ती रीत पाळणाऱ्या घरात पहिल्या संध्याकाळी चूल पेटण्याची सोय आपोआप झालेली असायची, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाच्याच्या सेहेचाळीस खोक्यांत चहाचं पातेलं कुठे होतं, हे त्यांना दुसऱ्या आठवड्यात कळलं.

कुणी म्हणेल, आता बाहेरून जेवण मागवता येतं. येतं ना. पण मधुमेहाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेणाऱ्या माणसाला, तापाने फणफणलेल्या मुलाला, रात्री अकराला पेज हवी असते तेव्हा ती घरातच करावी लागते.

एका फोनवर होतं, असं म्हणणारे बहुतेक पुरुष का असतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फोन झाल्यावर जे काम उरतं ते त्यांना दिसलेलं नसतं, कारण ते त्यांनी केलेलं नसतं. दूधवाला, पेपरवाला, वाणी यांची बिलं मिटवणं. धुणंभांडी करणाऱ्या बाईला एक महिना आधी सांगणं, कारण तिलाही दुसरं काम शोधायचं असतं. तिचा पगार बुडवून निघून जाणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याला चोरीशिवाय दुसरा शब्द नाही. वाळवणं, पिठं, डाळी संपवत आणणं. नव्या गावात बालरोगतज्ज्ञ शोधणं. हे सगळं कुणीतरी करतंच. घरातला कर्ता पुरुष ‘काही तयारी लागली नाही’ असं अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ तयारी झालीच नाही असा नसतो. ती त्याच्या बायकोने एकटीने, रात्री सगळे झोपल्यावर, यादीसुद्धा न करता केलेली असते. मी वहीचा आग्रह धरते तो यासाठी. काम कागदावर आलं की ते मोजता येतं, आणि मोजता आलं की वाटून घेता येतं.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे ४५ कोटी माणसं आधीचं राहण्याचं ठिकाण सोडून आलेली नोंदली गेली. त्यांत बायका जास्त आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे या देशात घर बदलण्याचा अनुभव सर्वाधिक आहे तो बायकांना. एका ट्रंकेत आपलं वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य बसवून त्या दुसऱ्यांच्या घरात जातात आणि तिथली प्रत्येक वस्तूची जागा नव्याने पाठ करतात. तयारीबद्दल कुणाचं ऐकायचं असेल तर त्यांचं ऐकावं.

दुसरा एक सल्ला हल्ली फार आदराने दिला जातो. अर्धं सामान टाकून द्या; वर्षभर वापरलं नाही ते नकोच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि तुटक्या बादल्या, जुन्या वायरी, रिकाम्या डब्यांच्या बाबतीत ते शहाणपणाचं आहेही. पण तयारीला पर्याय म्हणून हा सल्ला दिला जातो तेव्हा तो घातक ठरतो. काय ठेवायचं आणि काय काढायचं हा घर हलवण्यातला सगळ्यांत अवघड निर्णय, त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आणि जो शेवटच्या दोन दिवसांत घेतला जातो तो नेहमी दुबळ्या माणसाच्या वस्तूंवर पडतो. मुलांच्या चित्रांच्या वह्या जातात, आजोबांची हत्यारांची पेटी जाते, सासूबाईंचा पाटा-वरवंटा जातो. ज्याच्या हातात पैसे आणि फोन असतो त्याचा व्यायामाचा बाक जात नाही, मग तो चार वर्षं कपडे वाळत घालायला वापरला गेलेला असला तरी. वर्षभर न वापरलेल्या वस्तूंत बाळंतविडा असतो, मोदकपात्र असतं, गौरीचे मुखवटे असतात, गेलेल्या माणसाचा चष्मा असतो. त्यांतलं कुठलं राहावं हे त्या वस्तूच्या मालकाने ठरवावं, आणि त्याला ठरवायला महिना मिळावा. एवढंच माझं मागणं आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती.

‘म्हाताऱ्या माणसांना तोवर मुलीकडे पाठवून द्या, घर लागलं की आणा, त्यांना त्रास नको.’ हे वाक्य मीही उच्चारलं आहे. अठरा वर्षांपूर्वी आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यातून सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सासूबाईंना पंधरा दिवस साताऱ्याला नणंदेकडे पाठवलं. हेतू चांगला होता. त्या परत आल्या तेव्हा पडदेसुद्धा लागलेले होते, आणि त्या आनंदल्या पाहिजेत अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि सोफ्याच्या कडेला बसून राहिल्या. पाहुण्या बसतात तशा. चाळीस वर्षं जे स्वयंपाकघर त्यांच्या हाताखाली होतं त्यातली मिठाची बरणी कुठे आहे हे त्यांना मला विचारावं लागलं. पाटा-वरवंटा मी देऊन टाकला होता. मिक्सर होता, ओटा लहान होता, माझ्याकडे कारणं होती. त्यांनी तो एकदाच विचारला. वाड्यात रात्री उठल्यावर त्या डावीकडे वळत, भिंतीला हात लावत मोरीकडे जात. तिसऱ्या की चौथ्या रात्री नव्या घरात त्या तशाच अर्धवट झोपेत डावीकडे वळल्या आणि कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. तीन टाके पडले. ते भरून आले. पण स्वयंपाकघरात त्या पुन्हा कधी स्वतःहून गेल्या नाहीत. ते घर शेवटपर्यंत त्यांचं झालं नाही, कारण ते लावताना आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

याला त्रास वाचवणं म्हणतात का? धूळ, आदळआपट, दोन दिवसांची गैरसोय त्यांनी सोसली असती. त्यांनी अशी गैरसोय आयुष्यभर सोसली होती. जे त्यांना सोसलं नाही ते वगळलं जाणं. म्हातारपणी माणूस नजरेपेक्षा सवयीने घरात वावरतो : स्विच कुठे, उंबरा किती उंच, पलंगाची कुठली बाजू भिंतीला. ती सवय नव्या घरात घडायला वेळ लागतो आणि तो वेळ सामान लागण्याआधी सुरू व्हायला हवा. महिनाभर आधी त्यांना रिकामं घर दाखवायला न्यायला रिक्षाचं भाडं तेवढं लागलं असतं. तुमचा पलंग कुठे ठेवू, देवघर कुठल्या भिंतीला, रात्रीचा दिवा कुठे हवा, हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागली असती. जुन्या घरात पलंगावरून उठून डावीकडे वळावं लागत असेल तर नव्या घरात पलंग तसाच लावता येतो का, हे बघायला टेपही लागत नाही.

मुंबई-पुण्यात आज इमारतींमागून इमारती पुनर्विकासाला जात आहेत, आणि पुनर्विकासात घर दोनदा हलतं : एकदा भाड्याच्या जागेत, मग काही वर्षांनी नव्या इमारतीत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. अशा प्रत्येक इमारतीत सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत आणि त्यांना हे दोन्हीदा करायचं आहे. बिल्डरकडून सामान हलवण्याचा खर्च किती घ्यायचा यावर सोसायटीच्या सभा रात्री बारापर्यंत चालतात. पहिल्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षं लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कशा राहतील, यावर किती वेळ बोलणं होतं?

कागदांविषयी थोडंच सांगते. ‘सगळं ऑनलाइन आहे’ हे उत्तर मला माहीत आहे. अर्ज ऑनलाइन असतो. तो कधी करायचा आणि त्याला काय जोडायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. भाड्याने जात असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती लागते आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. हा कागद नसेल तर पुढचे कितीतरी पत्ते बदलताना अडतं. त्याच गावात घर बदलत असाल तर गॅसची जोडणी बदलून मिळते. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यायची आणि मिळालेल्या कागदावर तिकडे नवी जोडणी घ्यायची. भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये घालायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा. मतदानाच्या दिवशी जुन्या गावाच्या यादीत नाव आणि स्वतः नव्या गावात, अशी कितीतरी माणसं दर निवडणुकीत दिसतात. गाडीच्या मालकाचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र निघण्याआधी घेतलं तर एक फेरी वाचते.

शाळेचं मात्र जरा नीट सांगायला हवं. दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला ताबडतोब मिळाला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. खासगी विनाअनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला हा आधार नाही. परराज्यात जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते, आणि मे महिन्यात सही देणारं माणूस रजेवर असू शकतं. माझ्या भाच्याची लेक बंगळुरूच्या शाळेत तीन आठवडे उशिरा बसली. तीन आठवडे म्हणजे नवीन वर्गात मैत्रिणींच्या जोड्या ठरून जाण्याइतका वेळ. हे तिने मला सांगितलं.

‘पण वेळ कुणाला आहे?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं की ज्याला वेळ नाही त्यानेच लवकर सुरुवात करावी, कारण काही कामं घाईने होतच नाहीत, कितीही माणसं लावली तरी. फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळवावा लागतो, आणि नव्या घरी उभा करून काही तास थांबूनच सुरू करावा लागतो. एसी काढण्याआधी मेकॅनिक त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो. तो मेकॅनिक त्या दिवशी नसेल तर घाईत पाइप सोडला जातो, गॅस उडतो आणि नव्या घरी पुन्हा भरावा लागतो. सोसायट्या सामान हलवायची परवानगी आणि वेळ आधी ठरवून घ्यायला लावतात. आणि आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात म्हणून अर्धं गाव मेच्या शेवटच्या आठवड्यात घर हलवतं. गाड्यांचे दर तेव्हा चढलेले असतात, बांधणारी माणसं दिवसाला दोन-दोन घरं उरकत असतात, आणि एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस उघड्या टेम्पोवर येतो. महिनाभर रोज अर्धा तास काढला तर पंधरा तास होतात. ते पंधरा तास शेवटच्या दोन दिवसांत कुणालाच सापडत नाहीत.

भाचा पुढच्या वर्षी परत पुण्याला यायचं म्हणतोय. यावेळी त्याने फोन केला तो वही कुठल्या आकाराची घेऊ हे विचारायला. मी त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. घर हलवायची तारीख ठरली असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवा, मुलांनाही. वही उघडा. पहिल्या पानावर पेटी क्रमांक एक असं लिहा, आणि पहिली वस्तू कोणती लिहायची हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा.